‘थांबवा’चं बटण

सासऱ्यांनी लिहिलेला कोड सुनेने मोडून नव्याने लिहायचा, म्हणजे विषाची परीक्षा. हे मला घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. पण कोणी नको म्हटलं की माझे हात जास्तच शिवशिवतात.

सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, दोघी मिळून बागकामाची वेबसाइट चालवतात. लेख लिहायचे, फोटो जोडायचे, प्रसिद्ध करायचे, ही मागची सगळी यंत्रणा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पीएचपी या जुन्या संगणकभाषेत बांधली होती. ती गोगलगायीच्या चालीने चालायची. ‘प्रसिद्ध करा’ दाबलं की स्क्रीनवर चक्र गरगर फिरत राहायचं. सासूबाई मशीनला चार शब्द सुनावायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

मी सगळं पायथॉन या नव्या भाषेत लिहायला घेतलं. जुना कोड वाचताना एका ओळीपाशी मला हसूच फुटलं. लेख चढवण्याआधी मशीनला तिथे सरळ हुकूम होता: काही करू नकोस, नुसतं बसून राहा! ती ओळ मी गाळली. चक्रच नाही म्हटल्यावर त्याखालचं ‘थांबवा’चं बटणही काढून टाकलं. वर स्वतःच्या अकलेची भर घातली, लेख चढला की लगेच सगळ्या वाचकांना मेल.

बाबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “इतकं झटपट नको गं.”

“का बाबा?”

त्यांनी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे एकदा बघितलं आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं, आपला कोड मोडला म्हणून नाक मुरडतायत.

आठवडा बरा गेला. मग मावशींनी वेबसाइटच्या पहिल्या पानावरून सासूबाईंची जास्वंद काढून तिथे स्वतःचा गुलाब लावला. सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बसल्या बैठकीत लेख लिहिला: धाकटीचे गुलाब घरचे नव्हेतच, नर्सरीतून कळ्यांसकट विकत आणलेले आहेत. ‘प्रसिद्ध करा’ दाबून त्या सवयीने चहा टाकायला गेल्या. कप घेऊन परत आल्या आणि स्क्रीनवर काहीतरी शोधू लागल्या.

“सूनबाई, ‘थांबवा’ कुठे गेलं?”

“आई, ते काढलं. लेख गेलासुद्धा.”

“कुठे गेला?”

“सगळीकडे.”

त्यांनी कप तसाच टेबलावर ठेवला. “आता ती माझं तोंड बघायची नाही,” म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी पलीकडच्या गल्लीत राहतात. मेल वाचताच त्या गुलाबाची कुंडी कडेवर घेऊनच आल्या. दारातच कुंडी उलटी करून त्यांनी रोप मातीसकट बाहेर काढलं.

“बघ ही मुळं! विकतचा आहे? कालपरवा आणलेल्याची एवढी वाढतात?”

“अगं, मी थांबवणारच होते. नेहमी थांबवते.”

“नेहमी? म्हणजे नेहमी लिहितेस माझ्याबद्दल?”

सासूबाई सांडलेली माती गोळा करू लागल्या. मावशींनी हाताची माती झटकली.

“मीपण लिहिते,” त्या म्हणाल्या. “मागच्याच महिन्यात लिहिलं होतं, ताईला खतातलं ओ की ठो कळत नाही. मग ते चक्र बघत बसले. म्हटलं जाऊ दे, ताईच आहे. आणि थांबवलं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

दोघींचे डोळे भरले, माझेही. दोघींनी मिळून रोप पुन्हा कुंडीत दाबून बसवलं. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

“म्हणून बाबांनी ते चक्र मुद्दाम ठेवलं होतं तर!” मी बोलून गेले.

“मुद्दाम?” सासूबाई वळल्या. “म्हणजे मशीन हळू नव्हतं? इतकी वर्षं त्या बिचाऱ्या मशीनला मी उगाच शिव्या घालतेय?”

“भावोजी, आम्ही काय लहान मुलं आहोत?” मावशी ओरडल्या.

कोपऱ्यात बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र तोंडापर्यंत वर घेतलं.

संध्याकाळी मी बाबांची ओळ मुकाट्याने परत लिहिली आणि बटण जागेवर आणलं. सासूबाई लगेच खुर्ची ओढून बसल्या, मावशी मागे उभ्या. नव्या लेखाचा मथळा होता, ‘आमचे हे’.

“सूनबाई, चक्र आणखी जरा जास्त फिरू दे,” सासूबाई म्हणाल्या. “पूर्वीएवढं बहिणीला पुरायचं. नवऱ्याला पुरणार नाही.”