घड्याळजींची पापणी

साल १९८६. मामंजी, म्हणजे माझे सासरे, घड्याळजी होते. उजव्या डोळ्याला भिंग चढवलं की त्यांची पापणी लवत नसे. या गोष्टीचा त्यांना घराण्याच्या अब्रूइतका अभिमान होता.

त्या वर्षी नेमका तोच डोळा लाल झाला. उजेड सोसेना, तबकडीवरचे आकडे धुक्यात गेले. डोळा गेला तर दुकान जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. मी त्यांना हात धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचं टोक पिळून त्याची बारीक वात केली आणि आधी डाव्या, मग उजव्या बुबुळाला हलकेच लावली. "काही जाणवलं?"

"छे!" मामंजी दोन्ही वेळा ऐटीत म्हणाले. पापणी ढिम्म हलली नाही. "आमच्या धंद्यात पापणी लवली की स्क्रू हरवतो, बाई."

दोन्ही डोळे सारखेच, म्हणजे ही धंद्याची सवयच, असं धरून बाईंनी साधी सूज समजून ती उतरवायचे थेंब दिले. चार दिवस बरं वाटलं, मग डोळा ठणकायला लागला.

पुन्हा गेलो. या वेळी सासूबाईही आल्या आणि आल्या आल्या त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"दुखतंय म्हणून सांगाल तर शपथ! इथे मारे शूरवीर, आणि घरी उशीत तोंड खुपसून कण्हायचं!"

"मी? मी कधी कण्हलो गं?"

"सूनबाई, तूच सांग, कोण कण्हत होतं?"

मामंजी तावातावाने उत्तर द्यायला गेले आणि तेवढ्यात बाईंनी बाजूने कापूस लावला. डावा डोळा फटकन मिटला. उजव्याला लावला, तो टक्क उघडाच.

"बघा, कसा स्थिर आहे!" मामंजी म्हणाले.

"स्थिर कसला आजोबा, बधिर झालाय." बाईंनी यंत्रातून नीट पाहिलं. "बुबुळाचा रंग एका जागी उडालाय, डोळ्यातला दाबही वाढलाय. ही आतली सूज विषाणूची आहे. नुसत्या थेंबांनी सूज दबते आणि विषाणू माजतो, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मागच्या वेळी चांगल्या डोळ्याचीही पापणी रोखून धरलीत आणि फसवलंत मला."

मामंजींनी खिशातलं भिंग काढून उगाच पुसायला घेतलं.

विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या. डोळा वाचला, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. मामंजी भिंग डाव्या डोळ्याला लावायला शिकले, शिव्या देत देत. दुकान पुढे बंद पडलं ते डोळ्यापायी नव्हे. बॅटरीची स्वस्त घड्याळं आली आणि लोकांनी दुरुस्ती करणंच सोडलं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरात गेल्या, मोठ्या झाल्या. रोग्याला आधी बोलण्यात गुंतवा आणि मग कापूस लावा, असं त्या विद्यार्थ्यांना शिकवत, असं कानावर आलं. सासूबाई मामंजींच्या मागे बरीच वर्षं जगल्या. माझ्या तोंडामुळे यांचा डोळा वाचला, हे त्या येईल त्याला ऐकवत. मामंजी होते तोवर शेजारी बसून ते ऐकत आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. खोटं आहे, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.