असल्फ्याच्या चाळीतला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जन्मलो वनस्पती तुपासाठी; तूप संपल्यावर शेवंतीने मला तारेची कडी लावली आणि चाळीच्या संडासाला जुंपलं. नाक मुरडलंत? मुरडा. माणसांना मी रोज फार जवळून पाहतो, आणि त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही.

घाटकोपरच्या असल्फ्यात आमच्या चाळीत सकाळी माणसांऐवजी डब्यांची रांग लागायची. डबा ठेवून माणसं खुशाल दात घासायला जात. शेवंतीचा नवरा धोंडू मात्र माझ्याजवळून हलत नसे. साकीनाक्याला लेथ चालवणारा धडधाकट गडी, पण पोटात कळ आली की काकुळतीला यायचा. कधी जुलाब, कधी दिवसचे दिवस काहीच नाही. आणि मनावर ताण आला की हमखास कळ.

धोंडू आमच्या भजनी मंडळाचा पखवाजी. गणपतीत दोन मंडळांची डबलबारी रंगायची. एका साली ऐन सामन्यात तो पखवाज टाकून पळाला, तो थेट माझ्याकडे. लोक खो खो हसले. तेव्हापासून पखवाजावर खोळ चढली, ती उतरेना.

मग सल्ल्यांचा नुसता सुकाळ. शेजारच्या द्रौपदीकाकूंनी "बेंबी सरकली" म्हणत पोट चोळून चोळून त्याला रडवलं. कुणी एरंडेल पाजलं, कुणी नुसत्या चहावर ठेवलं. स्वतःची दाढ दुखली की हेच शहाणे चाळ डोक्यावर घेत! शेवटी शेवंती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त जात नव्हतं, वजन घटलं नव्हतं, सगळ्या तपासण्या साफ.

"साफ ना? मगे दुखता खंय? नुसती नाटका तुझी!" भजनाचे बुवा, लवू, गरजले. मला हात असते तर मी त्यांच्या डोक्यावर पालथा झालो असतो.

डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्ट सांगितलं होतं, "दुखणं खरं आहे. आतड्याला जखम नाही, पण ते हळवं आहे, काळजीने जास्तच बिघडतं. कायमचं जाईल असं म्हणत नाही, पण सांभाळता येईल." वेळेवर जेवायचं, उपाशीपोटी चहा घ्यायचा नाही, इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यायचं आणि काय बाधतं ते आपलं आपण पाहायचं. धोंडूला बाधायची काळ्या वाटाण्याची उसळ. मालवणी माणूस गणपतीत उसळ नको म्हणतो, यावर चाळीने काय तोंडं वाकडी केली! त्याने मात्र पथ्य सोडलं नाही. कळा कमी झाल्या, पण चारचौघांत बसायची भीती राहिली.

पुढच्या डबलबारीच्या संध्याकाळी त्याने पखवाजाची खोळ काढली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "बुवा, मी कडेक बसतलंय. कळ इली तर उठतलंय, झांजेवरचो नंदू ठेको धरतलो. कोणाक हसायचा असात तर आत्ताच हसा."

कुणी हसलं नाही. बुवा खाली बघत टाळ पुसत बसले.

शेवंतीने मला काठोकाठ भरून पडद्याच्या कडेला, धोंडूला दिसेन असं ठेवलं होतं. बारी रंगात आली आणि धोंडूचा हात अडखळला. कपाळावर घाम. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी आहे, वाट मोकळी आहे, एवढं त्याला दिसलं. त्याने लांब श्वास सोडला आणि पखवाजावर अशी थाप मारली की माझ्यातलं पाणी हललं.

बारी संपली. शेवंतीने मला उचललं तेव्हा मी भरलेलाच होतो.

मित्रांनो, वर्गात कुणी बाहेर जायची परवानगी मागितली तर दात काढू नका. औषध डॉक्टर देतील. तुम्ही फक्त वाट सोडा आणि तोंड बंद ठेवा. मोठ्यांना जमलं नाही. तुम्ही बघा जमतं का.