डाव्या हाताचा वस्तरा

मित्रांनो, तुम्ही मला उचललेत तर उजव्या हातानेच उचलाल, आणि तिथेच आपले बिनसेल. मी वस्तरा आहे, चांगला जुना, आणि डाव्या हातासाठी घडवलेला. माझ्या जातीचा दुसरा वस्तरा मी आजवर पाहिलेला नाही. हे मी तोऱ्याने सांगत नाही. एकटे असण्यात तोरा कसला आला आहे?

माझा जन्म सान्जो गावातला. इथे गल्लोगल्ली लोहारांच्या भट्ट्या. हिवाळ्यात बर्फ छपराला टेकते, तेव्हाही ऐरणींचा आवाज बंद होत नाही. त्यांत ओगुरे नावाचे एक म्हातारे लोहार होते. ते फक्त वस्तरेच घडवत. आमच्याकडचा वस्तरा मिटत नाही. पाते आणि दांडी एकाच लोखंडाची असते. पात्याच्या दोन बाजू मात्र सारख्या नसतात. एक बाजू कातडीला लागून चालते, दुसरी न्हाव्याकडे बघते. त्यामुळे वस्तरा एकाच हाताला वळतो, आणि तो हात उजवा हे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते.

एके दिवशी ओगुरेंच्या भट्टीत सेत्सू आली. गावातल्या केशकर्तनालयाची ती नवी सून.

"काका, मला डाव्या हाताचा वस्तरा हवाय."

"हो का? मग उद्या बुडातून ओतायची किटली मागशील."

"किटली आहे घरात. वस्तरा नाहीये."

म्हातारा हसला, पण घण खाली ठेवून ऐकू लागला. सेत्सू लहान असताना तिच्या आईने तिचा डावा हात कमरपट्ट्यात बांधून ठेवला होता, पोरीला सरळ वळण लागावे म्हणून. ती उजव्या हाताने जेवायला शिकली, लिहायला शिकली. वस्तरा मात्र त्या हाताला कधी वळलाच नाही.

"काल एका गिऱ्हाइकाचा गाल कापला माझ्या हातून," ती म्हणाली. "मामंजी म्हणाले, उद्यापासून तू फक्त केर काढ. काका, मला हे काम येतं हो. ह्या हाताने येतं. मला नुसता केर नाही काढत बसायचं जन्मभर."

"उलटा वस्तरा बघून लोक हसणार, पोरी."

"हसू दे."

"हसतीलच. निदान पात्यावरची नक्षी बघून तोंडं तरी मिटतील," असे म्हणून ओगुरेंनी भाता ओढला.

आधी त्यांनी माझ्या थोरल्या भावाला घडवले. तो पाणी देताना, म्हणजे लालबुंद पाते पाण्यात बुडवताना, तडकला. बारीकसा 'टण' असा आवाज आला. मग त्यांनी पुन्हा मऊ लोखंडाचे आणि कडक पोलादाचे पत्रे एकावर एक रचले, जोड पक्का बसावा म्हणून मध्ये टाकणखार टाकला, लाल केले, ठोकले, दुमडले, परत ठोकले. धारेसाठी पोटात कडक पोलादाची पट्टी घातली. मला पाणी दिले तेव्हा मीही भीतीने थरथरलो, पण तडकलो नाही. शेवटी त्यांनी मला आम्लात बुडवले आणि माझ्या अंगावर पाण्यावरच्या तेलासारख्या रेषा उमटल्या. त्यांनी आपली मोहोरही नेहमीच्या उलट बाजूला मारली. बाकीचे वस्तरे पेट्यांमधून जोडीजोडीने निघाले. मला त्यांनी फडक्यात गुंडाळून एकट्याला फळीवर ठेवले.

दुकानात माझे स्वागत थंडच झाले. पुरुष गिऱ्हाइकांना गळ्यापाशी डावा हात दिसला की ती ताठ व्हायची. एक गृहस्थ तर तोंडाला फेस तसाच ठेवून उठले आणि सासऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. पण आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा चेहरा आणि मान वस्तऱ्याने साफ करतात, म्हणजे लग्नात लावायचा पांढरा लेप नीट बसतो. तांदळाच्या व्यापाऱ्याची मुलगी त्यासाठी आली, तेव्हा सासरे तापाने पडले होते. मुलगी मान खाली घालून बसली. कुठला हात चालला आहे ते तिला दिसतच नव्हते!

दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर लेप असा बसला की वऱ्हाडातल्या बायका मागून वाकून बघत होत्या. मग नवऱ्या येऊ लागल्या. पलीकडच्या गावांतूनही आल्या. सासरे एकदा माझ्या नक्षीवरून बोट फिरवत पुटपुटले, "म्हाताऱ्यानं उलटंच केलंय, पण झकास केलंय." सेत्सू त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तेव्हा वाटले, आपले दिवस असेच जाणार.

ते गेलेही बरेच. सेत्सूखेरीज मला कोणाचा हात ठाऊक झाला नाही. तिच्या नवऱ्याने मला एकदा घेतले, अंगठा कापून घेतला आणि परत शिवला नाही. आधी ओगुरे गेले, मग सासरे, मग नवरा. आणि एका हिवाळ्यात सेत्सूची डावी बाजू अर्धांगवायूने गेली. तिचा तो हात मांडीवर पडून राहू लागला. मी खणात पडून राहिलो. मित्रांनो, आम्हा दोघांचे काम एकाच सकाळी संपले.

दुकान तिची मुलगी कायो चालवू लागली. कायो उजव्या हाताची. एके दिवशी ती मला घेऊन आईजवळ बसली.

"आई, कुवाबारांना विचारलंय मी. धार करणारे ते. ते ह्याला घासून उजव्या हाताचा करून देतील."

"आणि नक्षी?"

"एका बाजूची जाईल. पण अगं, नुसता पडून गंजण्यापेक्षा वापरात तरी राहील. मला तुझा वस्तरा वापरायचाय गं."

"तो बिघडलाय का?"

"बिघडला नाहीये. उलटा आहे."

"मग राहू दे त्याला उलटा," सेत्सू म्हणाली. "मला सरळ करताना कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या वतीनं मी तरी बोलेन."

"मी मेलं काही वाईट करायला निघालेय का?" कायोने खण जोरात लावला. त्यानंतर मायलेकी कितीतरी दिवस फक्त चहापुरत्या बोलत होत्या.

खरे सांगू? मला तेव्हा घासून घ्यावेसे वाटले होते. अंधारात पडून राहण्यापेक्षा अर्धी नक्षी गेलेली काय वाईट! पण माझ्या वतीने सेत्सू बोलली होती, आणि माझ्या वतीने दुसरे कोणीच कधी बोलले नव्हते.

वसंतात सेत्सू गेली. शवपेटीत ठेवण्याआधी मृताला अंघोळ घालतात, चेहरा साफ करतात. त्या कामाच्या बाई केस काढायचे विजेचे यंत्र घेऊन आल्या. कायो म्हणाली, "मान मी करते. हिनं सगळ्या गावाच्या माना केल्या. हिची कोणी केली नाही."

"जपून हं, ताई," बाई हळूच म्हणाल्या. "आता कापलं तर भरून यायचं नाही."

कायोने मला खणातून काढले, धारेच्या दगडावर लावले. आधी उजव्या हातात धरले, आईच्या मानेशी नेले, पण पाते नीट बसेना. आणि मग तिने मला डाव्या हातात घेतले. तो हात कच्चा होता. एकेक रेघ ओढायला तिला इतका वेळ लागला की बाहेर अंत्यविधीचे भिक्षू येऊन बसले, त्यांचा चहा निवला. कोणी घाई केली नाही. सेत्सूच्या मानेवर एकही ओरखडा उठला नाही.

पेटीत तिचा कंगवा गेला, फुले गेली. लोखंड दहनात घालत नाहीत, म्हणून मी मागे राहिलो. आता पुन्हा खणात आहे. सोमवारी दुकान बंद असते, तेव्हा कायो मला तेल लावते आणि ठेवून देते. दुकानात पाती बदलायचे वस्तरे आहेत. नवऱ्याही आता फारशा येत नाहीत. खूप एकटे वाटते.

मित्रांनो, वस्तूला कोरडे ठेवा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. कोणी तुमच्या हाताला वळत नसेल, तर त्याला घासायला देण्याआधी एकदा आपला हात बदलून बघा. कायोने बदलला होता. एकदाच, पण बदलला होता.