वनाच्या फोनचा कॅमेरा

चमेलीबाईच्या फोनचा पुढचा कॅमेरा बंद पडला, तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. फोन लागत होता, वाजत होता. अडचण रविवारी कळली. लेकीच्या धुळ्याच्या निवासी शाळेतून व्हिडिओ कॉल आला. आईला रोशनी दिसली, रोशनीला नुसता काळा पडदा.

रोशनी जन्मापासून बहिरी. घरात तिघांची हातवाऱ्यांची भाषा आहे. कपाळावरच्या गोंदणाच्या जागी बोट ठेवलं की आई. खांद्यावर थाप मारली की बाप, कारण ठाकऱ्या केळीचे घड खांद्यावरून वाहतो. गेल्या वर्षी आजी वारली, त्या रविवारी रडलेला चेहरा पोरीला दिसू नये म्हणून चमेलीबाईने फोनवर पदर टाकला होता. शाळेच्या पुनम मॅडमनी तेव्हा रोशनीला समजावलं, आईचा फोन बिघडलाय. सुटीत घरी आल्यावर पोरीला आजीची रिकामी खाट दिसली.

या वेळी फोन खरोखर बिघडला होता. मॅडम तेच सांगत होत्या आणि रोशनीला ते मुळीच पटत नव्हतं. तिने खांद्यावर थाप मारली, डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली. बाप गेला का? ठाकऱ्या तेव्हा रावेरला केळीच्या ट्रकवर होता. चमेलीबाई काळ्या पडद्यामागे नाही नाही म्हणून हात हलवत राहिली. पुढे मॅडमचा फोन आला, पोरगी जेवत नाही. चमेलीबाईने ठाकऱ्याचा फोटो पाठवला. रोशनीने तो जुना म्हणून बाजूला सारला.

ठाकऱ्या रावेरहून आला तसे दोघं चोपड्याला झुलालच्या फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. सोबत चमेलीबाईच्या भावाचा, वनाचा फोनही होता. दिवाळीत बहीण-भावाने एकाच दुकानातून एकसारखे फोन घेतले होते. वनाचा फोन पुढे ट्रॅक्टरखाली गेला.

"त्याना कॅमेरा काढ, मना फोनमधी बसाड," चमेलीबाई म्हणाली. "दोन्ही फोन एकसारखाच शेतस."

"अक्का, तुम्हीच कारागीर झालात, मग मी काय करू?" झुलाल हसला. असं काम त्याने अनेकदा केलं होतं. वनाच्या फोनची काच चुरा झाली होती, कॅमेरा मात्र धड होता. झुलालने तो काढला, चमेलीबाईच्या फोनमध्ये बसवला, फोन चालू केला.

पडद्यावर एक चौकट आली. झुलालने वाचून दाखवली. हा भाग या फोनचा म्हणून ओळखता येत नाही. अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

"ओळखता येत नाही म्हणजे?" ठाकऱ्याने विचारलं. "हिना सख्खा भाऊना शे."

"कंपनीला ते नातं चालत नाही, दादा. प्रत्येक कॅमेऱ्याला नंबर असतो. तो नंबर त्याच फोनशी जोडलेला. जोडणी बदलायची परवानगी फक्त कंपनीच्या माणसाकडे."

त्याने कॅमेरा काढून पुन्हा बसवला. पुन्हा चौकट, कॅमेऱ्यात काळोख. मग जळगावच्या सेवा केंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पार्ट आमच्याकडे आहे, फिटिंग झालंय. फक्त मान्यता द्या."

"बाहेर उघडलेला फोन आम्ही घेत नाही, सर."

"बरं, तुम्हीच नवीन कॅमेरा टाका."

"सुटा कॅमेरा येत नाही. पूर्ण डिस्प्लेसोबत येतो. आणि या मॉडेलचा स्टॉक बंद झालाय. एक्स्चेंजमध्ये नवा घेता येईल."

"बाकी फोन चांगला आहे हो."

"चांगला असेल, तर एक्स्चेंजला भाव बरा मिळेल, सर."

झुलालने फोन ठेवला आणि एक शिवी गिळली. "अक्का, आहे तसाच वापरा. बोलणं तर होतंय ना?"

"कोनाशी बोलू? पोरले ऐकू येत नही," चमेलीबाई म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

झुलालने आपला फोन पुढे केला. तोही उपयोगाचा नव्हता. शाळेत पालकांच्या नोंदवलेल्या फोनवरूनच कॉल घेतात.

"धुळाले जासूत," चमेलीबाई म्हणाली, "पन दर रविवारले कसं जासूत?"

झुलालने चमेलीबाईचा फोन उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "मागचा कॅमेरा चालतो. लावा कॉल. दोघं भिंतीला उभे राहा, मी फोन धरतो."

पुनम मॅडमनी रोशनीला बोलावलं. फोनची पाठ आईबापाकडे होती, पडदा झुलालकडे. त्याला समोर एक दोन वेण्यांची मुलगी दिसली. तिने बापाला पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

"काय करस?" ठाकऱ्याने विचारलं.

"रडतेय. आता खांद्यावर मारतेय. जोरात मारतेय."

ठाकऱ्याने फोनच्या पाठीकडे बघत स्वतःच्या खांद्यावर थाप मारली, छाती ठोकली, दंड दाखवले. जिवंत आहे. पुन्हा छाती ठोकली.

"हसली!" झुलाल म्हणाला. चमेलीबाई हातांनी भराभरा विचारू लागली. जेवलीस का? का नाही जेवलीस?

"आता काय म्हनस?" तिने झुलालला विचारलं.

"काहीच नाही. हात खाली केलेत. नुसती बघतेय."

चमेलीबाईला कळलं. त्यांच्या घरात समोरचा आपल्याकडे पाहत नसेल, तर कोणी हात उचलत नाही. न पाहणाऱ्याशी बोलून काय उपयोग? आणि ती स्वतः उत्तरासाठी झुलालच्या तोंडाकडे पाहत होती.

"फिरव रे भाऊ, माले दाखव."

झुलालने फोन फिरवला. चमेलीबाईला रोशनी दिसली. रोशनीसमोर दुकानाचं शटर आलं. तिचा चेहरा उतरला, बोट कपाळाकडे गेलं.

"फिरव, फिरव!"

त्याने फिरवला. मग परत फिरवला. आईला विचारू द्यायचं, फिरवायचं, मुलीचं उत्तर दाखवायचं, पुन्हा फिरवायचं. दर वेळी कोणाचा तरी हात अर्ध्यात राहत होता.

"फोनमधी दोन कॅमेरे शेतस," ठाकऱ्या वैतागून म्हणाला, "आनि मानूस खांबासारखा उभा करना पडस."

झुलालने पुन्हा फोन फिरवला. फोन आता चमेलीबाईसमोर होता आणि रोशनी ताटाकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागली होती. तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ती चौकट आली. हा भाग या फोनचा म्हणून ओळखता येत नाही.

"काढ ते," चमेलीबाई ओरडली. "काढ, पोरगी सांगी राहिनी!"

झुलालने अंगठ्याने चौकट बाजूला सारली. तोवर रोशनीचं सांगून झालं होतं, हात खाली आले होते.