चहा खाणारे बाबू

"एकजण तरी हसू दे, मग मी गाडीत बसतो," इंद्रजीत सान्याल अंगणातल्या खुर्चीवरून म्हणाले. आवाज पार घोगरा झाला होता.

दुपारच्या आत मुंबईच्या हॉस्पिटलात पोचायचं होतं. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही जाणार होतं. आणखी उशीर केलात तर आवाज काय, माणूसच हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाचा भावेशने गाडीतून दोनदा हॉर्न वाजवला होता.

चाळीस वर्षांपूर्वी सान्याल शहापूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले आणि किन्हवलीच्या कमळशी लग्न करून इथलेच झाले. कोलकात्याच्या मासिकांत त्यांच्या विनोदी कविता छापून येत. तिकडे म्हणे लोक पोट धरून हसत. इथे बंगाली कोणाला वाचता येतंय? गावाला ते ठाऊक होते 'चहा खातो' म्हणणारे बाबू म्हणून. बंगालीत चहा काय, पाणीसुद्धा खातात. पहिल्यांदा चुकून बोलले, लोक हसले. पुढे मराठी चांगलं यायला लागलं, तरी ती चूक त्यांनी सोडली नाही. आयतं मिळणारं हसू कोण सोडील? बायकोला बंगाली उच्चारात 'कोमोल' म्हणत, तेही तसंच.

आज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कविता मराठीत केली होती.

"एका बोकडाने भरला सरपंचाचा अर्ज,
जाहीरनामाच खाल्ला, मिटली सगळी गरज..."

कोणी हसलं नाही. शेजारचा लडकू मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या बायकोने, पौर्णिमाने, तर पदर डोळ्यांना लावला. सान्यालांचा चेहरा उतरला. कमळला त्या बोकडाचा भयंकर राग आला.

"अहो, उठा ना आता," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"रडवून जाऊ? चाळीस वर्षं हाच धंदा केला का मी?"

तेवढ्यात म्हातारी गोजाबाई कप घेऊन आली. तिला ऐकू कमी येई. कविता तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. "बाबू, चाय पिऊन जा रं."

"डॉक्टरने उपाशी बोलावलंय, काकी. आल्यावर खातो."

लडकू फस्सकन हसला, मग सगळं अंगणच हसलं. पौर्णिमा रडता रडता हसली.

"कविता पडली, चहा निवडून आला," सान्याल पुटपुटले आणि गाडीत बसले.

दीड महिन्याने ते घरी आले. गळ्यावर पातळ रुमाल, हातात पाटी. पहिल्या सकाळी कमळने चुलीशी बसून विचारलं, "काय देऊ?"

त्यांनी पाटी पुढे केली. अक्षर सुबक, एक चूक नाही: 'कमळ, चहा पिणार.'

कमळ पाटीकडे बघत राहिली. घर एकदम परक्याचं वाटलं तिला. तिने बोटाने 'पिणार' पुसलं आणि त्या जागी 'खाणार' लिहिलं.

सान्यालांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातून पेन्सिल घेतली, 'कमळ' पुसलं आणि सावकाश लिहिलं, 'कोमोल'.