न फाटलेला झगा

त्या दिग्दर्शकाचा विषय निघाला की टीपताई आजही हात जोडतात. त्याचे उपकार जन्मात विसरायच्या नाहीत त्या.

चित्रपटाच्या शिवणखात्यात सगळे त्यांना टीपताईच म्हणायचे, कारण त्यांनी मारलेली टीप कधी उसवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि नेमकं त्यांनाच सांगितलं, नायिकेच्या झग्याला खांद्यापासून कमरेपर्यंत नुसता धावदोरा घाला. गिऱ्हाइकाने हिसका दिला की टर्रकन फाटला पाहिजे. कोंडून धंद्याला लावलेल्या बाईची गोष्ट होती ना! मेल्या सिनेमावाल्यांना चिंध्या झाल्याशिवाय दुःख दिसतच नाही.

दर टेकला एक फाटणार म्हणून सारखे सहा झगे शिवायचे होते; ताईंनी सहाच्या सहा झग्यांना दुहेरी टीप मारली. मुद्दाम मारली की हात आपोआप गेला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सेटवर गिऱ्हाईक झालेल्या नटाने हिसका दिला, मग दात-ओठ खाऊन दिला. झगा ढिम्म. नायिका बिचारी भेलकांडून खाटेवर आपटली. दुसरा झगा आणला, तोही तसाच. झालं, ताईंना बोलावणं आलं. शिवणखात्याचे मास्तर वाटभर बजावत होते, चूक झाली म्हणा आणि मोकळ्या व्हा, उगाच नोकरी घालवू नका. नोकरीची भीती ताईंना होतीच, पण त्याहून मोठी दुसरीच होती. ऐन विशीतली चार वर्षं त्यांनी अशाच एका खोलीत काढली होती आणि इथे ते कुणाला माहीत नव्हतं. तोंड उघडलं की झाकली मूठ उघडणार.

हे काय शिवलंय, दिग्दर्शकाने विचारलं. ताई चूक झाली म्हणायला गेल्या आणि तोंडून भलतंच निघालं.

“तिथं कपडे फाडत नाहीत, साहेब. उद्या तेच घालायचे असतात. आपल्याच हाताने काढून, नीट घडी घालून ठेवायला लावतात.”

आता पुढचा प्रश्न ठरलेलाच, तुम्हाला हो कसं माहीत?

दिग्दर्शकाने झगा उचलून त्यांच्या हातात दिला. “घडी कशी घालायची, ताई? हिला दाखवाल?”

बस्स, एवढंच विचारलं. ना तेव्हा दुसरं काही, ना नंतर कधी. ताईंनी दाखवलं: बाह्या आत, मग मधोमध, मग तळहाताने सपाट. कॅमेरा नायिकेच्या अंगावरून काढून गिऱ्हाइकाच्या तोंडावर लावला. कडेला तिचे घडी घालणारे हात आणि तो घड्याळ बघत उभा, एवढंच चित्रित झालं. बघताना मास्तर डोळे पुसत होते.

काम संपल्यावर नायिका कपडे बदलून आली आणि झग्याची घडी घालायला लागली. बाह्या आत, मग मधोमध. ताईंनी तिचा हात धरला.

“टाक गं तसाच,” त्या म्हणाल्या. “कुठेही टाक.”