दुसरा मार्ग

दुकानात पडद्याचं कापड मोजता मोजता तिच्या पायांवरून पाणी ओघळलं. पाचवा महिना होता. तरी तिचा धीर सुटला नाही, कारण इस्पितळात ताई होती. ताई म्हणजे तिची सख्खी नणंद, बाळंतपणाची डॉक्टर. थोरल्या मुलीचं बाळंतपण ताईनेच केलेलं. सासूबाईंचा पारा चढला की मधे पडायची तीही ताईच.

ताईने तपासलं. बाळाभोवतीचं पाणी जवळजवळ सगळं गेलं होतं.

"वाचेल का गं?"

"कठीण आहे. पण ठोके चालू आहेत. वाट बघू."

"ताई, खरं सांग. दुसरा काही मार्ग आहे?"

ताईने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही गं. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी अंग कसकसू लागलं, तरी ठेवला. नवरा उशाशी बसून "ताई आहे ना" एवढंच घोकत होता. मग हुडहुडी भरली, दातावर दात आपटू लागले. ताई शस्त्रक्रियेत अडकली होती, म्हणून शेजारच्या विभागातले वयस्क डॉक्टर आले आणि तिला पाहताच धावपळ सुरू झाली. जंतुसंसर्गाचं विष अंगभर भिनलं होतं. ती वाचली. बाळ गेलं आणि गर्भपिशवीही काढावी लागली.

ती शुद्धीवर आल्यावर त्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, "पहिल्याच दिवशी गर्भ काढून घ्यायला तुम्ही नकार का दिलात?"

"मी? मला कुणी विचारलंच कुठे?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी सांगितलं. अशा अवस्थेत कायदा गर्भपाताला परवानगी देतो. ज्या डॉक्टरच्या मनाला ते पटत नाही, त्याने बाजूला व्हावं, पण रुग्णाला तसं सांगून दुसऱ्याकडे सोपवावं. माघार घ्यायची मुभा होती. अंधारात ठेवायची नव्हती.

"मी भिंतीपलीकडेच होतो हो," ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "ताई म्हणाली, सांगितलं तर तू लगेच हो म्हणशील."

संध्याकाळी ताई आली. डोळे सुजलेले. "ठोके ऐकू येत असताना माझा हात उठला नसता गं."

"नसता उठला तर नसता. त्यावरून माझं भांडण नाही. पण मी तुला सरळ विचारलं होतं, आणि तू नाही म्हणालीस. तुझ्या मनाला टोचणी नको, म्हणून माझा जीव पणाला लावलास."

ताईने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात चादरीखाली घेतला.

तिने तक्रार केली. चौकशीच्या दिवशी सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "घरातलं घरात मिटव. लेकीची डॉक्टरकी जाईल माझ्या!"

"उद्या दुसरी कुणी त्या खाटेवर असेल, आई. तिला कोण सांगणार?"

नवरा मान खाली घालून बसला होता. त्याने सोबत येतो म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

चौकशी समितीसमोर ताई टेबलाच्या पलीकडे होती. अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टरांशी तुमचं नातं काय?"

ताईने पहिल्यांदाच मान वर केली. त्या नजरेत विनवणी होती.

"मी त्यांची रुग्ण," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."